पारंपरिक म्हणे

लग्नाच्या बँडात क्लारनेट वाजवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. नवरदेवाकडे बघतात, घोड्याकडे बघतात, नाचणाऱ्या मामाकडे बघतात, फार तर फेटा घसरलेल्या ढोलवाल्याकडे बघतात. क्लारनेटवाला दिसतो तो थांबला की. मग लगेच कुणीतरी खेकसतं, "ओ मास्टर, झोपले का?" धुळ्यात आमचं बँडचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी त्यातच वाढलो आणि या न बघण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला लागलं ते एका मुलीनं माझ्याकडे नीट बघायला सुरुवात केल्यावर.

नावं मी इथं कुणाचीच घालणार नाही, माझंही नाही. एका नावावरूनच सगळं बिनसलं. जिथं लागायला हवं होतं तिथं ते लागलं नाही, तर आता कागदावर लावून काय करू.

ती जळगावच्या एका वकिलाची मुलगी. पुण्याला मानववंशशास्त्र शिकून आली होती. हा काय प्रकार असतो ते तिनंच मला दुकानात बसून सांगितलं. माणसं कशी राहतात, लग्नं कशी लावतात, मेलेल्यासाठी कशी रडतात, याचा अभ्यास. मी म्हटलं, "ताई, हे तर आम्ही रोज रस्त्यावर उभं राहून बघतो." ती खूप हसली. म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले, चाचा." वयानं ती माझ्या मुलीएवढी, तरी मी तिला ताई म्हणायचो. गिऱ्हाइकाला ताई म्हणायची सवय जिभेला लागलेली असते.

गिटार ती बरी वाजवायची. आवाज बारीक, पण खरा. शिकता शिकता बरीच फिरली होती. पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावात पावसाळाभर राहिली, कॉकेशसच्या डोंगरात मेंढपाळांच्या घरी त्यांच्याबरोबर गायली, नागालँडात बायकांबरोबर भात लावला. प्रत्येक ठिकाणाहून तिनं एखादा ठेका आणला होता, एखादं गाणं आणलं होतं, आणि सगळीकडून मिळून एक मत आणलं होतं. मत असं की या लोकांत गाण्याला मालक नसतो. गाणं गावाचं असतं. हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. तिथं बँडची दुकानं नसतील, असं माझ्या मनात यायचं. पण दारात आलेल्या माणसाला कोण तोडून बोलतो?

तिला एक बँड काढायचा होता. आमच्यासारखा वरातीचा नव्हे. आपली गाणी आपणच करायची, कुठल्या कंपनीकडे जायचं नाही, सिनेमाचं काही वाजवायचं नाही, आणि बँडात कुणी मोठा-लहान नाही. चौघं होतो आम्ही. एक ती. दुसरा जळगावचा ड्रमर, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, हातात वेग भरपूर आणि पोटात शांतता नाही असा. तिसरा साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातला एक तरुण. तो पावरी वाजवायचा, म्हणजे भोपळा आणि शिंग जोडून केलेलं फुंकायचं वाद्य. पाऊस पडला तर शेती करायची, नाही तर सुरतेकडे मजुरीला जायचं, असं त्याचं चालायचं. आणि चौथा मी.

तालमी जळगावात तिच्या वडिलांच्या जुन्या कापसाच्या गोदामात व्हायच्या. मी धुळ्याहून सकाळची बस पकडायचो. पारोळा, एरंडोल करत, मांडीवर क्लारनेटची पेटी धरून. गोदामात सतरंजी अंथरलेली असायची आणि आम्ही गोल करून बसायचो. ही पद्धत तिनं आफ्रिकेतून आणलेली. गोलात बसायचं, चपला बाहेर, एक जण बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, आणि कुठलीही गोष्ट सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय ठरवायची नाही. चहा ती स्वतः करायची. पहिला कप मला, कारण तिथं सगळ्यात म्हाताऱ्याला पहिला देतात.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. जन्मभर लोकांनी मला सांगितलं होतं की मास्टर हे वाजवा, मास्टर ते बंद करा, मास्टर लाइट गेली तुम्ही चालू ठेवा. इथं एक शिकलेली मुलगी माझ्याकडे तोंड करून विचारत होती, "चाचा, तुम्हाला काय वाटतं?" पहिल्या दिवशी मला उत्तरच देता आलं नाही. बसमध्ये परत येताना सगळी उत्तरं सुचली. पारोळ्याच्या स्टँडवर मी स्वतःशीच बोलत होतो, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

बायको म्हणाली, "उड रहे हो आजकल." उडतच होतो.

एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. पहिल्या कार्यक्रमाला मी पांढरा शुभ्र सदरा आणि जाकीट घालून गेलो, ईदला शिवलेलं. बाकीचे तिघं साध्या खादीच्या कपड्यांत. ती म्हणाली, "चाचा, तुमचा बँडचा ड्रेस कुठंय? तीच तर तुमची ओळख आहे." तर मग पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी लाल कोट घालून उभा. सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, खान्देशातला उन्हाळा. पावरीवाल्या पोराला तिनं असंच लंगोटात उभं राहायला सांगितलं नाही, एवढंच नशीब. त्याला डोक्याला मुंडासं बांधायला सांगितलं. त्यानं आयुष्यात कधी मुंडासं बांधलेलं नव्हतं, मीच बांधून द्यायचो.

असो. बँडचा नियम होता की प्रत्येकानं आपल्या घरातून, आपल्या गावातून एक गाणं आणायचं आणि ते चौघांनी मिळून वाढवायचं. ड्रमरनं आपल्या आजीचं अंगाईगीत आणलं. पावरीवाल्यानं त्यांच्या देवाच्या वेळचा एक ठेका आणला, पण घरी विचारून आला आणि म्हणाला की हा नको, दुसरा देतो. तिनं ते लगेच मान्य केलं. फार आदरानं. माझी पाळी आली तर म्हणाली, "चाचा, तुमचं मी आधीच निवडून ठेवलंय. सरप्राइज आहे."

तिनं फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. बोदवडकडच्या एका बँडचं होतं. मग दुसरं लावलं, मुक्ताईनगरकडच्या एका हळदीतल्या बायका गात होत्या. तिसरं शिरपूरच्या वरचं, एक बेंजो पार्टी. चौथं साक्रीचं, पावरीवर. चारही ठिकाणी चाल एकच. वेग वेगळा, शब्द बायकांनी आपल्या मनानं घातलेले, पण चाल तीच.

माझी.

ही चाल कशी झाली ते सांगतो. मी तेव्हा तरणा होतो, नुकताच वडिलांच्या जागी उभा राहायला लागलेला. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात लग्न होतं. ऐन दुपारी, नवरीची पाठवणी व्हायच्या आधी, माझ्या क्लारनेटच्या एका चावीखालची चामड्याची गादी निखळली आणि कुठं पडली ती सापडेना. ते भोक उघडं राहिलं तर खालचा एकही सूर धड लागत नाही. मी आचाऱ्याकडे गेलो, पुऱ्यांसाठी मळलेल्या कणकेतून सुपारीएवढा गोळा घेतला आणि भोक बुजवलं. आता बाकीचे सूर लागायला लागले, पण त्या भोकाचा सूर, म्हणजे आमच्या मांडणीतला मध्यम, तो मेला. सिनेमाचं एकही पाठवणीचं गाणं मध्यमाशिवाय होईना. तिकडे बायका रडायला लागलेल्या, नवरीचा बाप खांबाला टेकून उभा, आणि सगळे बँडकडे बघताहेत. मग जे सूर शिल्लक होते त्यांतून मी काहीतरी वाजवत राहिलो. मध्यमाशी आलं की थबकायचं आणि उडी मारून पुढं जायचं. त्या थबकण्यातच ती चाल बसली. पाठवणी होईस्तोवर तिला तोंड आणि शेपूट दोन्ही आलं. नवरीचा बाप हमसून रडला. आणि गाडी हलल्याबरोबर नवरदेवाचा एक भाऊबंद ओरडला, "मास्टर, हाईच जरा जोरमा होऊ द्या!" तर तीच चाल आम्ही जोरात घेतली आणि लोक तिच्यावर नाचलेही.

दुसऱ्या दिवशी गादी बसवून आणली, पण चाल तशीच ठेवली. पुढच्या लग्नांत लोक मागायला लागले. मग दुसरे बँडवाले वाजवायला लागले, मग बेंजोवाले, मग डीजेवाले. कुठं चोपड्याच्या बाजूला वरातीत गेलो की समोरून दुसऱ्या वरातीतून माझीच चाल यायची. छाती फुगायची. कुणाला सांगायला गेलो नाही. आमच्या धंद्यात चाल कुणाची ते विचारत नाहीत, आणि न विचारता सांगितलं तर म्हातारा फुशारक्या मारतो म्हणतात.

गोदामात मी हे सगळं हसत हसत सांगितलं. कणकेच्या गोळ्यावर सगळे हसले. ड्रमर तर लोळला. तीही हसली, आणि मला वाटलं विषय झाला. कळलं सगळ्यांना.

कसलं काय. पुढच्याच तालमीला तिनं भिंतीवर खान्देशचा नकाशा लावला आणि त्यावर लाल ठिपके. जिथं जिथं ती चाल सापडली तिथं तिथं ठिपका. तापीच्या दोन्ही काठांनी, सातपुड्याच्या पायथ्यानं, साक्रीच्या डोंगरापर्यंत. ती ठिपक्यांवर बोट फिरवत म्हणाली, "बघा ना, सगळ्या जातींत आहे, आदिवासींत आहे, बायकांत आहे, मुसलमान बँडवाल्यांत आहे. म्हणजे ही या सगळ्यांच्या आधीची असली पाहिजे. आणि यात मध्यम नाहीये. अशीच एक सूर गाळलेली धून मी आफ्रिकेत ऐकलीये, डोंगरातल्या मेंढपाळांकडे ऐकलीये. ही फार जुनी गोष्ट आहे, चाचा."

मी म्हटलं, "ताई, मध्यम नाही कारण तिथं कणीक होती."

ती हसली. गोड हसली. लहान पोरानं काही गंमत सांगितल्यावर आपण हसतो, तसं.

मी म्हटलं, "आता चावी धड आहे. म्हणत असाल तर मध्यम घालतो. मला कधीपासून घालून बघायचाच होता." आणि मी वाजवून दाखवलं. खरं सांगतो, बरं लागत होतं. थबकायच्या जागी एक पायरी आल्यासारखं. तिनं दोन्ही हात पुढं केले. "नको ना चाचा, प्लीज. मूळ बिघडेल."

माझ्या चालीचं मूळ माझ्या हातून बिघडेल, हे मी ऐकून घेतलं. वर चहाही घेतला.

मग पुण्याला एक कार्यक्रम झाला, लहानसाच, एका कॅफेच्या अंगणात. पोरंपोरी जमिनीवर बसलेली. आमच्या चालीची वेळ आली तेव्हा ती माइकवर म्हणाली, "आता खान्देशातली एक अतिशय प्राचीन धून. कुणी बांधली, कधी बांधली, कुणालाच माहीत नाही. तीच तिची ताकद आहे." मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. लाल कोटात. सगळ्यांनी माझ्याकडे भक्तिभावानं बघितलं, एखाद्या जुन्या देवळाच्या खांबाकडे बघावं तसं. मी वाजवली. टाळ्या पडल्या. एक मुलगी येऊन माझ्या पाया पडली आणि म्हणाली की तुम्ही हे सगळं जपून ठेवलंत म्हणून आम्हाला मिळालं.

जपून ठेवलंत! पोरी, मी ते केलं होतं. जपायचं काम करायला मी काय संग्रहालयाचा शिपाई आहे?

परतीच्या गाडीत मी ताई-बिई सोडून तिला मुलीसारखं सरळ सांगितलं. बाकी तू मला काही कमी केलं नाहीस, मानधन देतेस, मान देतेस, माझ्या घरी जमिनीवर बसून जेवलीस. मला एकच पाहिजे. एकदा माइकवरून म्हण की ही चाल या माणसाची आहे. एकदा. पुन्हा नाही म्हणालीस तरी चालेल.

गाडीतल्या मंद उजेडात तिचं तोंड खरोखर दुःखी दिसत होतं. मग म्हणाली, "चाचा, हे मी एकटी कशी ठरवू? आपण गोलात ठेवू."

तर माझी चाल माझी आहे की नाही हे गोलात ठेवलं गेलं. सतरंजी अंथरली. चपला बाहेर. पहिला चहा मला.

आधी ड्रमर बोलला. "काका, तुमच्या भावना मी पूर्ण समजू शकतो. पण क्रिएटिव्ह गोष्टीत मालकी हा प्रकारच मला टॉक्सिक वाटतो." याचं मराठी काय ते मी विचारलं नाही.

मग पावरीवाला. त्याच्यावर माझा भरवसा होता. तो माझ्याबरोबर बसस्टँडवर भजी खाणारा पोरगा. त्यानं खाली बघत सांगितलं, "आमना गावमा पहिलापाईन वाजाडतस, चाचा. मी धाकला व्हतू तव्हयपाईन आयकस." त्याच्या गावात पहिल्यापासून वाजवतात, तो लहान असल्यापासून ऐकतोय. खरंच सांगत होता बिचारा. पंचविशीतलं पोर, त्याचं पहिल्यापासून म्हणजे कधीपासून! माझी चाल त्याच्या गावात पोचली तेव्हा त्याची आईसुद्धा त्या गावात नांदायला आली नसेल. मी तिच्याकडे बघितलं, की हे तरी लक्षात घे. ती मान हलवत 'पहिल्यापासून' हा शब्द पुन्हा पुन्हा ओठांत घोळवत होती.

शेवटी ती बोलली. म्हणाली, "चाचा, राग मानू नका. बोदवडच्या मास्टरांनीही मला हेच सांगितलं, की ही चाल त्यांच्या वडिलांनी बांधली."

"त्याचा बाप माझ्या बँडात ट्रम्पेट वाजवत होता!"

"हो. तुम्ही असं म्हणाल हेही ते म्हणाले." आणि मग समजावणीच्या सुरात, "असं सगळीकडे असतं, चाचा. आफ्रिकेतही प्रत्येक म्हातारा वादक सांगायचा की हे माझ्या आजोबांचं, हे माझं. लोकगीत जिवंत असल्याची ती खूणच आहे. प्रत्येकाला ते स्वतःचं वाटतं. आणि ती कणकेची गोष्ट... किती सुंदर आख्यायिका आहे. मी लिहिणार आहे त्यावर."

आख्यायिका. म्हणजे देवळाबाहेर पुजारी सांगतो ती. माझ्या बोटांना कणीक लागलेली होती, ती क्लारनेटच्या चाव्यांत वाळून बसली होती आणि मी सुईनं खरवडून काढली होती, ती आख्यायिका!

माझं डोकं फिरलं. चिडलो की माझ्या तोंडून अहिराणीच निघते, कारण आयुष्यातली सगळी भांडणं खेड्यांतल्या मांडवांत केलेली. मी गोलाचा नियम मोडून उभा राहिलो आणि ओरडलो, "हाई चाल मनी शे! मी बनाडेल शे! तुम्हले काय समजस? मनी शे! बठ्ठी मनी शे!" ही चाल माझी आहे, मी केलीय, सगळी माझी आहे. गोदामाचा पत्रा घुमला. आवाज फाटला माझा, शेवटी तर रडल्यासारखा झाला. बाहेर वॉचमन उठून आत डोकावला.

पावरीवाल्यानं माझा हात धरून खाली बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. मी आजही म्हणणार नाही की ती खोटी होती. खोटी असती तर सोपं होतं, शिव्या देऊन मोकळा झालो असतो. गोलाच्या मधे फोन ठेवलेला होता, तालीम रेकॉर्ड करायला तो नेहमीच चालू असायचा. तिनं तो उचलून बंद केला आणि म्हणाली, "सॉरी, चाचा. मी विचार करते."

मी तालमीला जायचं सोडलं. लग्नं चालू होती, त्यांत लक्ष घातलं. घरात धुसफुस करायचो. बायको म्हणाली, एवढं काय, चाल तर जगभर झाली, तुम्हाला माहीत आहे ना कुणाची ते? मी म्हटलं, मला तर माझं नावही माहीत आहे, म्हणून दारावर पाटी लावायची नाही का?

मग एक दिवस तिचा फोन आला. आवाज आनंदानं नुसता उसळत होता. "चाचा, मार्ग सापडला. तुमचं म्हणणं गाण्यातच घेतलंय. आता कुणीही ऐकलं तरी त्यात तुमचं म्हणणं असणार. जळगावात मोठा कार्यक्रम आहे, कॉलेजच्या मैदानावर. काय केलंय ते तिथंच ऐका. या ना, चाचा. तुमच्याशिवाय ते गाणं नाही."

मी फोन ठेवला आणि तिथंच पायरीवर बसलो. दुकानात बोर्ड रंगवायला पेंटर आलेला होता, त्याला चहा पाजला. जाकिटाला इस्त्री करून आणली, मग आठवलं की लाल कोटच घालायचाय. बायकोला म्हटलं, तूही चल. ती आजवर माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. बँडवाल्याची बायको वरातीमागे कशाला जाईल? तिनं पेटीतली अंजिरी साडी काढली. निघताना मला विचारलं, "नाम लेगी ना वो?"

"लेगी," मी म्हटलं.

मैदान भरलेलं होतं. सूर्य नुकता कलला होता, उजेड होता. समोर खुर्च्या, त्यांच्या मागं उभी असलेली कॉलेजची पोरं, फार पोरं. बायकोला मी पहिल्या रांगेत बसवून आलो, वकीलसाहेबांच्या शेजारी. त्यांनी उठून तिला पाणी दिलं. ती साडीचा पदर सारखा डोक्यावर नीट करत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

तीन-चार गाणी झाली. मग आमच्या चालीची वेळ आली. ती माइकजवळ गेली. मी कोटाची बटणं लावून सरळ उभा राहिलो.

"हे पुढचं गाणं कुणाचंच नाही," ती म्हणाली, "म्हणून ते आपल्या सगळ्यांचं आहे. पारंपरिक, खान्देश."

मी अजूनही वाट बघत होतो. म्हटलं, पुढं म्हणेल. ती मागे सरली आणि ड्रमरनं समोरच्या डब्यावरचं एक बटण दाबलं. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून माझा आवाज आला.

"मनी शे!"

गोदामातला. फाटलेला, रडवेला. ड्रमरनं ठेका धरला आणि तो आवाज त्यानं ठेक्यावर कापून बसवलेला होता. मनी शे. मनी शे. बठ्ठी मनी शे. 'मी बनाडेल शे' हे त्यात नव्हतं, ते कदाचित तालात बसलं नसेल. खान्देशातली पोरं, आपली बोली एवढ्या मोठ्यानं स्पीकरवर ऐकून वेडी झाली. आधी समोरची दोन-चार ओरडली, मग मागची, मग सगळं मैदान उड्या मारत ओरडायला लागलं. मनी शे! मनी शे! हात वर, ओढण्या वर. खुर्च्यांवरचे प्राध्यापकही टाळ्या वाजवत होते. वकीलसाहेब मान डोलवत होते. बायको तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि स्पीकरकडे बघत होती. तो आवाज कुणाचा ते तिला पहिल्याच वेळी कळलं असणार.

ती माझ्याजवळ आली. आनंदानं लाल झाली होती. तिनं माइक काढून माझ्या तोंडासमोर धरला आणि कानाशी ओरडली, "म्हणा, चाचा! आता तुम्ही म्हणा!"

माझ्या समोर माइक होता. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मला हवं होतं ते याहून वेगळं काय होतं? मी अगदी मनापासून म्हणालो, "हाई चाल मनी शे."

"मनी शे!" मैदान ओरडलं.

मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, लोकांना समजावं म्हणून.

ते आणखी मोठ्यानं ओरडले, मनी शे.